बॉक्स्टर ९८६ – कूलंट सारखं कमी होतंय पण खाली थेंबही नाही, तर शोधायचं कसं

गाडी पोर्शे बॉक्स्टर ९८६, २००२ ची, २.७ मॅन्युअल. मूळ मालकाने इंग्लंडहून कायमचं परत येताना टीआरवर (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, परत येताना आपली गाडी सोबत आणायची सोय) आणलेली, आता पुण्यात. तक्रार अशी की कूलंट टॉप-अप केलं की काही आठवडे सगळं मस्त, मग लेव्हल परत मिनिममच्या खाली, परत वॉर्निंग, परत टॉप-अप, आणि पार्किंगमध्ये वाकून बघावं तर फरशी कोरडी ठणठणीत. आधी ज्या गॅरेजला दाखवली तिथे त्यांनी कूलंटची टाकी बदलली, मग वॉटर पंप बदलला, आणि तरी लेव्हल उतरतीये म्हटल्यावर म्हणाले "हेड गॅस्केट असणार सर, इंजिन खाली घ्यावं लागेल." तिथे म्हटलं बास, आता आधी नीट शोधू आणि मग पान्हा लावू. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय, गाडी दुसरी असेल तर पार्टच्या जागा बदलतील, शोधायची पद्धत तीच राहते.

आधी एक सांगतो, इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. ही सिस्टिम कुकरसारखी दाबावर चालते आणि झाकण फिरवलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गाडी बंद करून दोन तास तरी जाऊ द्या, वरचा होज हाताने दाबून बघा, कडक लागला तर अजून थांबा. दुसरं म्हणजे कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, त्यामुळे जमिनीवर सांडलेलं तसंच ठेवू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि काढलेलं जुनं कूलंट डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात ओतू नका.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात कुठून गळतंय. पण बॉक्स्टरमध्ये इंजिन मधोमध, टाकी मागच्या डिकीत, रेडिएटर दोन पुढच्या बंपरमध्ये डावी-उजवीकडे (एस मॉडेलला मधे तिसरा), आणि हे सगळं जोडणारे लांबलचक पाइप फ्लोअरखालून, म्हणजे पंधरा लिटरच्या वर कूलंट अख्ख्या गाडीभर फिरतंय आणि खाली सगळीकडे प्लास्टिकची कव्हरं. थेंब एकीकडे सुटतो, कव्हरवरून वाहत जातो आणि भलतीकडेच पडतो. म्हणून मी आता कुठे हा प्रश्न नंतर विचारतो, आधी गळतंय कधी ते बघतो. गाडी थंड असताना, चालू असताना, का बंद केल्यावर लगेच. या तीन वेळांना तीन वेगवेगळे संशयित असतात आणि तेवढ्यानेच अर्धं काम होतं.

थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी खाली चार थेंब दिसतात आणि गाडी तापली की बंद होतात, असं असेल तर बहुतेक वेळा होजची क्लिप किंवा रबर. थंड झालं की रबर आणि अॅल्युमिनियम दोन्ही आकसतात पण सारखे आकसत नाहीत, वीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते पाइपला धरून बसत नाही. तापलं की फुगतं आणि सील होतं, त्यामुळे गॅरेजला नेईपर्यंत गळती गायब आणि मेकॅनिक म्हणतो काहीच नाहीये.

गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गळत असेल तर तो दाबाचा प्रकार. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनाचं लोखंड-अॅल्युमिनियम तर तापलेलंच असतं, ती सगळी उष्णता उभ्या पाण्यात उतरते आणि टेंपरेचर थोडा वेळ उलट वर जातं. दाबही तेव्हाच सगळ्यात जास्त. टाकीला केसाएवढी चीर असेल किंवा झाकण कमजोर असेल तर ते याच वेळी उघडं पडतं. म्हणून घरी आल्यावर लगेच लिफ्टने वर न जाता जरा टॉर्च घेऊन गाडीपाशीच थांबायचं.

आणि फक्त चालवतानाच कमी होत असेल, उभी असताना काहीच नाही, तर वॉटर पंपाचं सील नाहीतर पुढचे रेडिएटर. चालत्या गाडीत जे गळतं ते वाऱ्याने उडून जातं नाहीतर गरम पार्टवर पडून वाळून जातं, घरी येईपर्यंत पुरावा शिल्लक नाही.

माझ्या गाडीत हाच तिसरा प्रकार निघाला, पण तिथे पोचायच्या आधी बाकीचे दोन खोडून काढावे लागले, ते क्रमाने सांगतो.

एसीच्या पाण्याने फसू नका हे पहिलं. उन्हाळ्यात एसी लावून विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकलात की गाडीखाली पाणी पडणारच. बोट लावून बघा, एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं आणि लगेच वाळतं. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो, वाळल्यावर रंगीत नाहीतर पांढरट डाग राहतो. चव घेऊन बघायचा सल्ला देणारे पण भेटतात, अजिबात नको, वर लिहिलंय ते परत वाचा.

मग टाकी. ९८६ ची टाकी डिकीच्या आत कार्पेटमागे बसवलेली असते आणि हिची प्लास्टिकची टाकी तडकणं हा या गाडीचा नावाजलेला आजार आहे. गंमत म्हणजे ती तडकते ती बहुतेक इंजिनाकडच्या बाजूने किंवा जोडावर, जिथे आपली नजर पोचत नाही, डिकीतून बघितलं तर टाकी नव्यासारखी दिसते. डिकीतलं कार्पेट उचलून हात फिरवा, ओलं किंवा चिकट लागलं तर शंका नको. माझी टाकी नवीनच होती, कार्पेट कोरडं, म्हणजे त्या गॅरेजने काम चांगलं केलेलं, फक्त ते काम या तक्रारीचं नव्हतं. टाकी बदलणं तसं वैतागाचं काम आहे, मागचे होज काढायला हात जात नाही आणि क्लिपा कुठेतरी आत पडतात, त्यामुळे एकदा करायचीच असेल तर त्याच वेळी टाकीला जोडलेले होज, लेव्हल सेन्सर आणि झाकण सगळं नवीन टाका. सेन्सर जुना झाला की कूलंट पूर्ण असतानाही वॉर्निंग देतो, म्हणून वॉर्निंग आली की आधी गाडी थंड करून डोळ्यांनी लेव्हल बघा.

झाकणाबद्दल जरा जास्त लिहितो कारण त्याकडे कोणी बघत नाही. पोर्शेने या झाकणाचं डिझाइन मधे बदललं, सुधारित झाकणाच्या पार्ट नंबरच्या शेवटी ०४ असतं, जुन्यावर ००, ०१ वगैरे असेल तर डोळे मिटून बदला, अख्ख्या गाडीत याच्याइतका स्वस्त पार्ट शोधून सापडणार नाही. झाकणाचं काम नुसतं झाकणं नाहीये. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, उघड्या पातेल्यात पाणी इथे ९८ अंशाच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला १३०० मीटरच्या वर गेलात की ९६ च्याही आधी. इंजिन तर ट्रॅफिकमध्ये सहज १०० च्या पुढे जातं. मग उकळत का नाही, कारण एक बार जादा दाब धरून ठेवला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशाला उकळतं, आणि त्यात ग्लायकॉल असेल तर अजून वर. झाकणाचं रबर गेलं की हा दाब राहत नाही, कूलंट वाफ होऊन झाकणातूनच निघून जातं आणि आपण खाली थेंब शोधत बसतो. झाकणाच्या आजूबाजूला आणि कार्पेटच्या कडेला वाळलेले डाग दिसले तर पहिला संशय इथेच घ्या.

माझं झाकण ०४ होतं. म्हणजे हेही नाही.

मग हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं सील) प्रश्न निकालात काढायचा होता, कारण त्या एका शब्दाने माणसाची झोप उडते. ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट फेस दिसला की मेकॅनिक लगेच मान हलवतात, पण बॉक्स्टरमध्ये ऑइल भरायची नळी डिकीपर्यंत लांब आलेली असते, पावसाळ्यात छोट्या-छोट्या फेऱ्या मारल्या, कोथरूडहून डेक्कन आणि परत, की त्या नळीत नुसता दमटपणा साठून तसा फेस होतो. एक लांब फेरी मारून ऑइल नीट तापवा आणि परत बघा, फेस गेला तर विषय संपला. उलट कूलंटच्या टाकीत तपकिरी तेलकट थर आला किंवा डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं तर मात्र गाडी चालवू नका, टोइंग करून न्या, ते ऑइल कूलरपासून हेडला तडा जाण्यापर्यंत काहीही असू शकतं. आणि खात्री हवी असेल तर ब्लॉक टेस्ट करून घ्या. निळं लिक्विड असलेली एक काचेची नळी टाकीच्या तोंडावर धरतात आणि चालू इंजिनातून तिथली हवा ओढतात, एक्झॉस्टचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं लिक्विड पिवळं पडतं. माझं निळंच राहिलं. इंजिन उतरवायचा खर्च एवढ्या स्वस्त टेस्टने वाचत असेल तर ती न करता कोणी इंजिन खाली घ्या म्हणत असेल त्याला सरळ नाही म्हणा.

यानंतर प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडावर अॅडॉप्टर लावून हातपंपाने दाब भरायचा, झाकणावर जेवढा दाब लिहिलाय त्याच्या वर नाही, जुन्या सिस्टिममध्ये उत्साहाने जास्त भरलात तर नसलेली गळती तयार होते. ही टेस्ट बरेच जण पाच मिनिटांत उरकतात, काटा हलला नाही, ओके सर, झालं. बारीक झिरपणं पाच मिनिटांत दिसतच नाही. गाडी थंड असताना दाब भरून निदान काही तास, जमलं तर रात्रभर ठेवा. नंतर इंजिन कोमट करून परत. माझ्याकडे काटा रात्रीत थोडासाच खाली आला होता, म्हणजे गळती होती पण बारीक, आणि मुख्य म्हणजे पंपाखाली, टाकीखाली, मधल्या टी जॉइंटांपाशी सगळं कोरडं.

खरा धागा वासाने दिला. चांदणी चौकाचा चढ चढून आल्यावर, काच खाली केली की गोडसर वास यायचा आणि तो यायचा पुढच्या डाव्या चाकापाशी. इंजिन मागे आणि वास पुढे! पुढे तर फक्त रेडिएटर.

बंपर काढला. ९८६ चा बंपर काढणं वाटतं तेवढं अवघड नाही, स्क्रू आणि क्लिपाच असतात, फक्त इंडिकेटरचे कनेक्टर न ओढता काढा आणि दुसरा माणूस धरायला असू द्या. आत पुढे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर, दोन्हींच्या मधे बोटभर फट. त्या फटीत खालच्या अर्ध्या भागात काळा लगदा गच्च बसला होता, हाताने ओढला तर थराथरानी निघाला, वरचा थर गुलमोहराची बारीक पानं, अजून ओळखू येत होती, त्याच्या खाली पिवळी फुलं आणि माती, आणि सगळ्यात खाली नुसता चिखल, त्याला कूलंटचा वास. पुण्यात प्रभात रोड, भांडारकर रोड, विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते, जिथे जिथे सावली छान म्हणून आपण गाडी लावतो तिथे हेच झाडून पडत असतं, आणि या गाडीचे बंपरमधले दोन भोके खालूनच हवा ओढतात. पाला अडकतो, पावसाळ्यात ओला होतो, कुजतो, अॅल्युमिनियमला चिकटून महिनोन् महिने तसाच राहतो आणि त्याला खाऊन टाकतो. डाव्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे प्लास्टिकची साइड टाकी अॅल्युमिनियमच्या कोअरला (मधला नळ्यांचा भाग) पत्रा वळवून बसवलेली असते, तिथे पांढरट-गुलाबी खरपुडी धरलेली. खरपुडी ब्रशने काढून परत दाब भरला तर जरा वेळाने एक थेंब फुगला, थांबला, आणि पत्र्याच्या कडेने सरकत खाली गेला. फरशी कोरडी का होती तेही तेव्हाच कळलं, पाला ते सगळं शोषून घेत होता आणि चालत्या गाडीत वाऱ्याने वाळवत होता.

हे जागेवर बुजवायचा मोह होतो, म्हणून सांगतो. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय जुन्या ट्रकवाल्यांचा आहे आणि घाटात अडकलेल्या ट्रकला तो घरी पोचवतोही, पण या गाडीत हळद काय आणि बाटलीतलं लीक स्टॉप काय, दोन्ही नको. जे बारीक भोक बुजवतं ते हीटर कोअर आणि ऑइल कूलरचे बारीक मार्गही बुजवतं, पंधराशेचा उपाय आणि इंजिनाचा खर्च. एपॉक्सी बाहेरून लावला तर काही आठवडे टिकेल, कोपरा कुजलेला असताना तो धरणार कशाला? साइड टाकीचं फक्त गॅस्केट गेलं असेल आणि कोअर चांगला असेल तर चांगला रेडिएटरवाला पत्रा उघडून नवीन गॅस्केट टाकून परत वळवून देतो, नाना पेठेत विचारलं तर माणूस सापडतो. माझ्याकडे कोअरच्या खालच्या नळ्याच खाल्ल्या होत्या म्हणून डावा रेडिएटर नवीन मागवला, उजवा काढून धुऊन प्रेशर टेस्ट करून तोच परत बसवला. कंडेन्सरही बघून घ्या, त्यालाही हाच पाला लागलेला असतो आणि एसीचा गॅस दर उन्हाळ्यात का भरावा लागतो याचं उत्तर तिथेच असतं.

धुताना प्रेशर वॉशर लांबून आणि सरळ मारा, तिरका मारलात तर फिन (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि हवा जायचा मार्ग बंद. आणि बंपरच्या भोकांना आतून अॅल्युमिनियमची जाळी लावा, भोकं पाच-सहा मिलिमीटरची. काही जण मच्छरदाणीची जाळी लावतात, मग पालाही येत नाही आणि हवाही येत नाही, गाडी जंगली महाराज रोडवर उकळते.

वॉटर पंपाबद्दल थोडं, कारण सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर जातो. मेकॅनिक याला वॉटर बॉडी म्हणतील. इंजिनाच्या केबिनकडच्या तोंडाला असतो, बेल्ट बघायचा तर सीटमागचं पॅनल काढावं लागतं, पंप खालून निघतो. सील गेलं की खालच्या छोट्या भोकातून कूलंट झिरपतं आणि वाळून रेघ उमटते, तीच खूण. बेअरिंग ढिलं झालं की घरघर येते आणि पुली हलवली तर खेळते, असं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, कारण पंपाचं पातं इंजिनाच्या केसलाच घासायला लागतं. पातं मेटलचं घ्यावं का प्लास्टिकचं यावर भांडणं चालूच असतात, मेटलचं घासलं तर केस खातं, प्लास्टिकचं तुटलं तर तुकडे कूलंटच्या वाटांत जाऊन बसतात. मी प्लास्टिकवाल्यांच्या बाजूचा आहे, पण वेळेत बदललं तर दोन्ही चालतात. फ्लोअरखालचे पाइपही एकदा रॅम्पवर घेऊन बघा, आपले स्पीडब्रेकर गाडीला खालून कुठे कुठे घासतात ते तिथे दिसतं.

भरताना पाणी कुठलं हा प्रश्न पुण्यात महत्त्वाचा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, बादलीवर पांढरा थर येतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत येणार. पेट्रोल पंपावर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते घ्या, कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणि पाणी निम्मं निम्मं. डबा रेडीमिक्स असेल तर वरून पाणी घालू नका. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवं-गुलाबी-निळं हे कंपनीच्या मर्जीचं असतं, डब्यावर स्पेसिफिकेशन काय लिहिलंय ते बघा. आत आधीचं काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून फ्लश करा, वेगवेगळ्या केमिस्ट्रीची मिसळ झाली तर आत घट्ट गाळ होऊ शकतो.

आणि हवा काढणं. एवढ्या लांब पाइपांत हवा अडकली की रेडिएटर एका बाजूचा गरम, एका बाजूचा थंड आणि टेंपरेचरचा काटा ८० च्या पुढे चढायला लागतो, मग लोक परत गळतीच्या मागे लागतात. चांगलं म्हणजे व्हॅक्यूमने भरणारं टूल, कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजकडे असतं, ते आधी सगळी हवा ओढून घेतं मग कूलंट आत खेचतं, आणि ओढलेला व्हॅक्यूम टिकतोय का ते बघितलं की गळतीची अजून एक टेस्ट फुकटात होते. नसेल तर टाकीच्या झाकणाशेजारी ब्लीड व्हॉल्व्हवर तारेची कडी असते ती उभी करा, हीटर फुल गरमवर, इंजिन तापू द्या, अधूनमधून अॅक्सिलरेटर थोडा दाबा, लेव्हल उतरेल तसं भरत राहा. पुढचे दोन्ही रेडिएटर हाताला सारखे गरम लागले म्हणजे पाणी फिरतंय. थंड झाल्यावर परत लेव्हल बघा, थोडी उतरणारच, ती गळती नाही, आत अडकलेली हवा बाहेर आली. पहिल्या काही फेऱ्यांनंतर रोज सकाळी थंड इंजिनवर बघा, टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली तर अंदाजाने बोलावं लागत नाही. माझी रेघ आणि लेव्हल अख्खा उन्हाळा जागेवर राहिली, त्यात ताम्हिणी आणि महाबळेश्वर दोन्ही झालं.

गळती अजून सापडली नसेल आणि मधेच खंबाटकी चढताना काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि मोकळी जागा बघून बाजूला घ्या. तो काटा अचानक खाली पडला तर बरं झालं असं समजू नका, सेन्सरला पाणीच लागत नसेल तर तो हवेचं टेंपरेचर दाखवतो, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. पूर्ण थंड झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा आणि बाटलीचं पिण्याचं पाणी भरलं तरी चालेल, पुण्याला परतल्यावर ते काढून परत मिक्स भरायचं लक्षात ठेवा.